टाळ्या न पडणे म्हणजे थंड प्रतिसाद नव्हे

मा. संपादक,

सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या ठाणे पुरवणीत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शहरातील एका चर्चमध्ये झालेल्या चेंबर कॉयरच्या (म्हणजे मोजक्या गायकांच्या समूहगायनवृंदाच्या) कार्यक्रमाचे वृत्त ‘नाताळगीतांच्या मैफलीला थंड प्रतिसाद’ या मथळ्याखाली प्रसिद्ध झाले. ध्वनिक्षेपक नसल्यामुळे मागच्या रांगांपर्यंत आवाज नीट पोहोचत नव्हता, साथीला एकही वाद्य नव्हते, रचना संपल्यावरही श्रोते बराच वेळ टाळ्या वाजवत नव्हते आणि मराठीत एकही गीत सादर झाले नाही, अशा चार नोंदी त्या वृत्तात आहेत. मी त्या कार्यक्रमाला उपस्थित होते आणि चारही नोंदी वस्तुस्थितीला धरून आहेत, हे आधीच सांगते. आक्षेप आहे तो निष्कर्षाला. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी आपल्या प्रतिनिधीने उणिवा म्हणून मांडल्या आहेत. प्रत्यक्षात त्या या संगीताच्या अटी आहेत, आणि आपल्याकडे त्या क्वचितच पाळल्या जात असल्यामुळे त्याबद्दल आयोजकांना चार चांगले शब्द मिळायला हवे होते. चौथ्या मुद्द्यावर मात्र मी आपल्या प्रतिनिधीच्या बाजूची आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

मथळ्यातील ‘नाताळगीते’ हा शब्दही जरा तपासून घ्यायला हवा होता. त्या संध्याकाळी गायल्या गेलेल्या सहा रचनांपैकी दोनच नाताळशी निगडित होत्या. बाकीच्यांत मरियेचे स्तोत्र होते, शांतीसाठीची प्रार्थना होती आणि ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांची ‘साँग फॉर अथीन’ ही १९९३ सालची रचना होती, जिच्या शब्दांत ऑर्थोडॉक्स चर्चचा अंत्यविधीचा पाठ आणि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील ओळी एकत्र आल्या आहेत. ६ सप्टेंबर १९९७ रोजी राजकन्या डायना यांची शवपेटी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून बाहेर नेली जात असताना हीच रचना गायली गेली होती; त्या दिवशी दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या अनेक मराठी घरांनी ती नाव ठाऊक नसतानाही ऐकली असेल. अंत्यविधीचे गाणे नाताळगीत म्हणून छापले जावे, हे पं. राम मराठे यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते त्या शहरात खटकल्यावाचून राहत नाही. शिवाय कार्यक्रमातील सर्वांत जुनी रचना १९८२ सालची होती. म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘चर्चचे जुने संगीत’ समजतो ते हे नव्हे. आपल्या हयातीत, आपल्याच काळातील घडामोडींच्या दडपणाखाली लिहिले गेलेले हे संगीत आहे.

टाळ्यांचा मुद्दा सर्वांत आधी घेते, कारण मथळा त्यावरच उभा आहे. आपल्या मैफलीत दाद ही गाण्याचाच एक भाग असते. समेवर पडलेली मान, तानेनंतर उमटलेला ‘वा’ यांवाचून गवय्यालाही पुढे जाववत नाही, आणि त्या मापाने पाहिले तर चर्चमधील श्रोते निर्विकार बसले होते असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या रचनांमध्ये शांतता लिहिलेली असते. पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की यांची ‘तोतुस तूस’ ही रचना घ्या. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८७ मधील पोलंड-भेटीसाठी ती लिहिली गेली. मरियेच्या नावाच्या खणखणीत हाकेने ती सुरू होते आणि पुढे तेच मोजके शब्द, तेच मोजके सुरांचे थर पुन्हा पुन्हा येत, प्रत्येक वेळी थोडे अधिक हलके होत, अखेरीस इतके खाली उतरतात की गाणे नेमके कुठे थांबले हे सांगता येऊ नये. कंडक्टरचा, म्हणजे हाताच्या खुणांनी कॉयर चालवणाऱ्याचा, हात वर असेपर्यंत ती रचना संपलेली नसते. त्या क्षणी टाळी वाजवणे म्हणजे आलापी चालू असताना मध्येच उठून जाण्यासारखे आहे. त्या दिवशी ठाणेकरांनी हात खाली येईपर्यंत वाट पाहिली, आणि त्यानंतर टाळ्या वाजल्या त्या चांगल्या दणक्यात वाजल्या. आपला प्रतिनिधी तोपर्यंत बहुधा निघून गेला असावा.

या संगीताचा गाभा कळायचा तर आर्वो पॅर्ट यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल. कार्यक्रमातील दोन रचना त्यांच्या होत्या. ११ सप्टेंबर १९३५ रोजी एस्टोनियात जन्मलेले पॅर्ट सोव्हिएत राजवटीत वाढले. १९६८ साली त्यांच्या ‘क्रेदो’ या रचनेत येशूवरील श्रद्धेचा उघड उच्चार होता आणि त्यामुळे सरकारी रोष ओढवला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी फारच थोडे लिहिले. ग्रेगोरियन गायन, म्हणजे कॅथलिक चर्चचे जुने एकाच ओळीचे लॅटिन गायन, आणि युरोपातील जुने बहुस्वरी, म्हणजे अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गातात ते, संगीत यांचा अभ्यास केला, ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रवेश केला, आणि १९७६ साली ‘फ्यूर अलीना’ या पियानोवरच्या छोट्याशा रचनेतून एक वेगळीच लेखनपद्धती पुढे आणली. तिला ते ‘तिन्तिनाबुली’ म्हणतात. लॅटिनमध्ये हे छोट्या घंटेचे नाव. १९८० साली त्यांना देश सोडावा लागला, आधी व्हिएन्ना आणि मग बर्लिन येथे त्यांचे वास्तव्य झाले. पुढे एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि पॅर्टही मायदेशी परतले.

तिन्तिनाबुलीची रीत ऐकायला गूढ असली तरी सांगायला सोपी आहे. दोन आवाज जोडीने चालतात. पहिला सप्तकाच्या पायऱ्यांवरून एकेक स्वर चढतो-उतरतो. दुसरा फक्त तीनच स्वरांवर पाऊल ठेवतो, आपल्या भाषेत षड्ज, कोमल गंधार आणि पंचम असे म्हणू. पहिल्याने कोणताही स्वर घेतला की या तिघांपैकी त्याच्या जवळचा एक स्वर दुसऱ्याने घ्यायचा, असा नेम असतो. तानपुऱ्याची आठवण इथे होणारच, आणि मलाही ती होते. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. तानपुरा गायकाने काय गायले याची दखल न घेता आपले आवर्तन चालू ठेवतो, तर इथे दुसरा आवाज पहिल्याच्या प्रत्येक स्वराबरोबर हलतो, कधी त्याच्याशी गोड जुळतो, कधी त्याला किंचित टोचतो. ही टोच आणि तिचे लगेच शमणे यांतूनच त्या रचनांचा श्वास चालतो. कुठेही ताना नाहीत, नाट्यमय चढउतार नाहीत. ज्याला गाण्यात काहीतरी ‘घडावे’ अशी अपेक्षा आहे त्याला पहिल्या दोन मिनिटांत कंटाळा येईल, हे मी नाकारत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी श्रोत्याला विशेष जवळची वाटेल. पॅर्ट यांच्या अनेक रचनांमध्ये चाल शब्दांवर बसवलेली नसते, शब्दांतूनच मोजून काढलेली असते. शब्दात अक्षरे किती, आघात कुठे, वाक्य स्वल्पविरामाने थांबते की पूर्णविरामाने, यांवरून स्वरांची संख्या, दीर्घ स्वराची जागा आणि विरामाची लांबी ठरते. अभंगाच्या चरणांत सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे मोजत वाढलेल्या आपल्या कानाला हा हिशेब परका वाटू नये. ‘माग्निफिकात’ ही त्यांची १९८९ सालची रचना मी या कानाने ऐकली, तेव्हा एका सोप्रानोने, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्री-आवाजाने, एकच स्वर धरून ठेवावा आणि तिच्याभोवती दुसऱ्या आवाजाने मरियेच्या स्तोत्राची ओळ पावलापावलाने न्यावी, एवढ्याशा सामग्रीवर सात मिनिटे कशी पेलली जातात हे उलगडत गेले.

‘दा पाचेम दोमिने’ या दुसऱ्या रचनेचा उल्लेखही आपल्या वृत्तात नाही, आणि खरे तर मुंबईच्या उपनगरी गाडीने रोज ये-जा करणाऱ्या ठाणेकरांच्या वर्तमानपत्राने सर्वांत आधी तिची दखल घ्यायला हवी होती. ११ मार्च २००४ रोजी सकाळच्या गर्दीच्या वेळी स्पेनची राजधानी माद्रिद येथे उपनगरी गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी पॅर्ट यांनी ही रचना लिहायला घेतली. स्पॅनिश संगीतकार जॉर्दी साव्हाल यांनी शांततेसाठीच्या एका मैफलीकरिता ती मागितली होती. शब्द एका प्राचीन लॅटिन प्रार्थनेचे आहेत: हे प्रभो, आमच्या काळात शांती दे, कारण तुझ्यावाचून आमच्यासाठी लढणारा दुसरा कोणी नाही. चार आवाज, अतिशय संथ लय, आणि लांब धरलेले स्वर एकमेकांवर टेकलेले. त्या दिवशी कंडक्टरने ही पार्श्वभूमी गाण्यापूर्वी दोन वाक्यांत सांगितली. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत जे झाले ते सभागृहातील बहुतेकांना आठवत असणार, तो दाखला कुणी दिला नाही आणि देण्याची गरजही नव्हती. त्या रचनेनंतर लोक टाळ्या वाजवायला उशीर करतात, यात थंडपणा कोणता?

आता वाद्यांविषयी. साथ नव्हती ही नोंद वाचून मला पेटीवरचा जुना वाद आठवला. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनिअमला मनाई केली आणि ती पुढे कित्येक वर्षे टिकली. त्यामागच्या कारणांत पेटीचे ठरीव, समान अंतरांनी वाटलेले स्वर हे एक होते. तो निर्णय योग्य होता असे मी म्हणत नाही, परंतु मूळ तक्रारीत तथ्य होते. पेटीचा गंधार आणि चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार यांत कानाला कळेल इतका फरक असतो. पेटीचा किंचित चढा लागतो. पियानो आणि ऑर्गन यांचेही तेच. वाद्य बाजूला ठेवून गाणारा कॉयर या ठरीव गंधाराला बांधील राहत नाही, आणि गायक जाणते असतील तर त्यांच्या षड्ज-पंचमाच्या मधला गंधार स्वयंभू गंधाराकडे सरकतो. तसे झाले की त्या खोलीत गायकांपैकी कुणीही न गायलेले वरचे स्वर ऐकू येऊ लागतात. वाद्य ठेवले असते तर हे सुख आपण आपल्या हाताने घालवले असते. टॅव्हनर यांच्या ‘साँग फॉर अथीन’मध्ये तर खर्जातले गायक सबंध रचनाभर एकच स्वर धरून असतात, कुणाचा श्वास कधी तुटतो हे कळू नये म्हणून ते आळीपाळीने श्वास घेतात. बिझांटिन चर्चगायनात या धरलेल्या स्वराला ‘आयसन’ म्हणतात. ही साथच आहे, फक्त ती माणसांच्या गळ्यातून येते.

नाताळशी निगडित असलेल्या दोन रचनांपैकी मॉर्टन लॉरिडसन या अमेरिकी संगीतकाराची ‘ओ मॅग्नम मिस्टीरियम’ ही १९९४ सालची रचना आपल्याकडच्या रागसंगीताच्या जाणकारांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. गोठ्यातील मुक्या प्राण्यांनी देवाचा जन्म पाहिला, या आश्चर्याचे जुने लॅटिन शब्द तिला आहेत. ती डी या स्वरावर बेतलेली आहे आणि सबंध रचनेत त्या सप्तकाबाहेरचा स्वर एकदाच येतो. डी हा षड्ज मानला तर तो तीव्र मध्यम. कुमारी मरियेचा उल्लेख ज्या शब्दाने होतो त्या शब्दावर आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीतले स्त्री-आवाज, तो घेतात, आणि इतका वेळ उजेडात चाललेल्या रचनेवर क्षणभर दुःखाची छाया येते. विवादी स्वर जपून, नेमका एकदाच लावण्याचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. टीकाच करायची होती तर इथे करता आली असती: त्या दिवशी आल्टोंनी हा स्वर जरा जास्तच ठासून लावला. ‘माग्निफिकात’मध्ये टेनर, म्हणजे वरच्या पट्टीतले पुरुष-आवाज, अपुरे पडले, आणि ‘तोतुस तूस’च्या उत्तरार्धात सगळा कॉयरच श्रुतीभर खाली घसरला होता, साथीवाचून गाताना हा धोका नेहमीच असतो. दुसरी रचना, टॅव्हनर यांची ‘द लॅम्ब’, मात्र निर्दोष झाली. त्या १९८२ सालच्या रचनेत सोप्रानो जितके वर जातात तितकेच आल्टो खाली जातात, म्हणजे एकच ओळ आणि तिचे प्रतिबिंब एकाच वेळी ऐकू येते. लहान मुलाच्या कवितेसारखी वाटणारी ही गोष्ट गायला भयंकर अवघड आहे.

ध्वनिक्षेपकाबद्दल लिहिताना मी थोडी अधिक कडक होणार आहे. वीस-पंचवीस गायकांचा कॉयर आपला समतोल स्वतः साधतो. शेजारच्याचा आवाज ऐकून आपला आवाज कमी-अधिक करणे, सर्वांनी ‘आ’काराचा उच्चार एकाच आकाराच्या तोंडाने करणे, हीच त्याची तालीम असते. प्रत्येक आवाजगटापुढे माइक ठेवला की हा समतोल ध्वनियंत्रणेपाशी बसलेल्या माणसाच्या बोटांवर जातो. काही वर्षांपूर्वी शहरातल्याच एका सभागृहात असा कार्यक्रम मी ऐकला आहे. तिथे माइक तर होतेच, वर कृत्रिम घुमारा मिसळलेला होता आणि चार आवाजांची एक गोड, बुळबुळीत चादर तेवढी कानावर येत होती. नाट्यगृहे बोललेला शब्द स्पष्ट ऐकू यावा म्हणून बांधली जातात, त्यामुळे तिथे नाद लवकर विरतो, आणि नाटकासाठी ते योग्यच आहे. उंच छताच्या दगडी वास्तूत तो कित्येक सेकंद रेंगाळतो. पॅर्ट किंवा टॅव्हनर यांनी विरामांची लांबी ठरवताना हे रेंगाळणे गृहीत धरलेले असते. आधीचा स्वर हवेत असतानाच पुढचा यायचा असतो. चर्च निवडण्यामागे हे साधे कारण आहे.

मागच्या रांगांना कमी ऐकू आले ही तक्रार मात्र खोटी नाही, आणि तिचा दोष आयोजकांनी पत्करावा. दारे उघडी होती, रस्त्यावरचे हॉर्न आत येत होते, पहिल्या दोन रचनांपर्यंत छताचे पंखे चालू होते आणि उशिरा आलेल्या मंडळींना रचना चालू असतानाच आत सोडले जात होते. यांवर उपाय माइकचा नाही. खुर्च्या कमी मांडाव्यात, गाणे सुरू झाल्यावर दारे लावावीत, पंखे बंद ठेवता येतील असेच महिने निवडावेत आणि लोक जास्त असतील तर कार्यक्रम दोनदा करावा.

आपण हे वृत्त ‘धार्मिक कार्यक्रम’ या सदरात, हरिनाम सप्ताह आणि सत्संगाच्या सूचनांशेजारी छापले, त्याविषयीही दोन शब्द. कार्यक्रमाला तिकीट होते, प्रार्थनाविधी नव्हता, आणि गायकांत कोण कोणत्या धर्माचे हे कुणी विचारले नाही. पं. भीमसेन जोशी यांच्या ‘संतवाणी’ला तिकीट काढून गेलेल्या श्रोत्याला आपण वारकरी आहात का असे कधी कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही, आणि त्या कार्यक्रमांचे परीक्षण संगीताच्या पानावरच येत असे. अभंग मंदिरातून रंगमंचावर आला तेव्हा त्याची भक्ती उणावली नाही. लॅटिन गायनाच्या बाबतीत तर हे स्थलांतर अटळच होते: कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजात उपासनेत मातृभाषेला वाट मोकळी करून दिली, त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थानही दिले, पण व्यवहारात रविवारची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लोकभाषेत गेली आणि गुंतागुंतीचे लॅटिन समूहगायन बऱ्याच ठिकाणी मैफलीपुरते उरले. आजच्या रचनाकारांना हे ठाऊक आहे. टॅव्हनर यांची ‘द व्हेईल ऑफ द टेंपल’ ही रचना २००३ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये रात्रभर गायली गेली आणि तिच्या पाठात ग्रीक, स्लाव्हॉनिक आणि ॲरेमेइकबरोबर संस्कृतही आहे; आपल्याकडच्या हरिजागराशी तिचे नाते लावायला फार कष्ट पडत नाहीत. आणि ज्यांना लॅटिन प्रार्थना ठाण्यात उपरी वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की १३२१ साली ठाण्यात मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन साधू त्याच भाषेत प्रार्थना करीत होते, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्याही कितीतरी आधी.

मराठीत एकही रचना नव्हती, हा मुद्दा मात्र मला मान्य आहे आणि तो आपल्या प्रतिनिधीने नेमका टिपला. ज्या भाषेत फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ज्या भाषेत रेव्ह. नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले, त्या भाषेतील शब्दांवर आजच्या पद्धतीची बहुस्वरी रचना ठाण्याच्या कॉयरला गाता येऊ नये, ही वाण आहे. अडचण मी समजू शकते. आपली चाल मींडेवर आणि कणस्वरांवर जगते, तर चार आवाज एकत्र उभे करायचे म्हणजे प्रत्येक स्वराला ठाम जागा द्यावी लागते. या ओढाताणीत बहुतेक प्रयोग ना धड भजन, ना धड कॉयर असे होतात. तरीही मुंबईत १९५६ साली व्हिक्टर परंज्योती यांनी उभा केलेला आणि नंतर कूमी वाडिया यांनी दीर्घकाळ चालवलेला गायकवृंद भारतीय भाषांतील गीते अनेक आवाजांत गात आला आहे, तेव्हा ही वाट अगदीच अनोळखी नाही. माझी अटकळ अशी की मराठीसाठी मार्ग बहुधा पॅर्ट यांच्या बाजूने सापडेल. त्यांची रीत अक्षरे मोजणारी आहे आणि मींडेची मागणी करत नाही. ओवीचे तीन मोठे चरण आणि चौथा आखूड चरण यांतून निघणारा विराम तिला सहज मानवेल. ठाणे-वसई पट्ट्यातील मराठीभाषक ख्रिस्ती समाजात गाणारे गळे भरपूर आहेत, संगीत विद्यालयांतून शिकलेले तरुण रचनाकारही आहेत. त्यांना कुणीतरी रचना लिहायला सांगायला हवी, आणि मानधन देऊन सांगायला हवी.

आपल्याला विनंती इतकीच की पुढच्या खेपेस, पं. राम मराठे महोत्सवाचे परीक्षण ज्यांच्याकडून लिहून घेता त्याच समीक्षकांना या कार्यक्रमालाही पाठवावे आणि मजकूर संगीताच्या सदरात घ्यावा. गळ्यांचे दोष त्यांना माझ्यापेक्षा अधिक दिसतील, ते त्यांनी जरूर लिहावेत. आयोजकांनीही रचनेचे शब्द, त्यांचा मराठी अर्थ, रचनाकाराचे नाव आणि साल अशी एक पानाची पत्रिका श्रोत्यांना द्यावी आणि तिची प्रत आदल्या दिवशी वृत्तपत्रांकडे पोहोचवावी, म्हणजे बातमीत नावे चुकणार नाहीत. आपल्या वृत्तात ‘माग्निफिकात’ हे नाव ‘मॅग्निफिसंट’ असे आणि पॅर्ट यांचे राष्ट्रीयत्व रशियन असे छापले गेले आहे. सोव्हिएत राजवटीने ज्यांना देश सोडायला लावला त्या एस्टोनियन रचनाकाराच्या बाबतीत ही दुसरी चूक बरीच मोठी आहे. तेवढी दुरुस्ती आपण ठाणे पुरवणीत अवश्य प्रसिद्ध करावी.

आपली नम्र,
एक निवृत्त संगीतशिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)